मिक्सर कोणासाठी घ्यावा?

मंचावरच्या प्रत्येक मायक्रोफोनमधून येणारा क्षीण विद्युतसंकेत एकत्र आणून, त्याची पातळी आणि पोत ठरवून, तो श्रोत्यांकडच्या ध्वनिक्षेपकांना आणि कलाकारांसमोरच्या मॉनिटरना वेगवेगळ्या प्रमाणात पुरवणारे यंत्र म्हणजे मिक्सर; आणि कार्यक्रमांना ध्वनिव्यवस्था भाड्याने देणाऱ्या व्यवसायात पैसा, पत आणि कर्तव्य यांचा गुंता याच यंत्राच्या खरेदीपाशी सर्वांत जास्त जाणवतो. हा गुंता तपासण्यासाठी मिरजेतील एका मध्यम व्यवसायाची कल्पना करावी. मिळणाऱ्या कर्जात एक तर मोठ्या दौऱ्यांवर मान्यता पावलेला एकच डिजिटल मिक्सर येतो, नाही तर ३२ चॅनेलचे, एकाच बनावटीचे दोन साधे डिजिटल मिक्सर येतात. व्यवसाय उभारणारे काका दोन साध्यांच्या बाजूचे आहेत. पुढे तो चालवणार असलेला पुतण्या एका मोठ्याच्या.

पुतण्याची भिस्त रायडरवर आहे. रायडर म्हणजे कलाकाराच्या चमूने आयोजकाला आगाऊ पाठवलेले तांत्रिक मागणीपत्र. त्यात यामाहा, डिजिको अशा मोजक्या कंपन्यांची नावे बहुधा असतात आणि ज्याच्याकडे त्यांपैकी काही नाही त्याला सुपारीचा फोनच येत नाही. “काका, ही यादी निव्वळ बडेजाव नव्हे,” तो म्हणतो, “बाहेरून येणारा ध्वनितंत्रज्ञ दुपारी पोहोचतो. मैदान त्याच्या ओळखीचे नसते, माणसे नसतात, विजेची खात्री नसते. मग निदान हाताखालचे यंत्र ओळखीचे असावे एवढेच तो मागतो. तेही त्याला नाकारायचे का?” हा युक्तिवाद वरवर व्यापारी दिसला तरी त्याच्या मुळाशी अनोळखी माणसांनी एकमेकांवर विश्वास कसा ठेवावा हा प्रश्न आहे, आणि म्हणून तो सहज बाजूला सारता येत नाही.

काका तो बाजूला सारतही नाहीत. ते श्रोत्याला मध्ये आणतात. “अरे, ओळखीचे यंत्र हवे हे मान्य, पण वाढीव पैशातून समोर बसलेल्या माणसाला जास्त काय ऐकू येते, ते आधी सांग.” डिजिटल मिक्सर ध्वनीचे सेकंदाला ठरावीक वेळा मोजमाप घेतो. ४८,००० मोजमापांत जवळजवळ २४,००० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी पकडता येतो, तर निकोप तरुण कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्‌झची आहे; त्यामुळे ९६,००० मोजमापांचा व्यवहारातला लाभ मुख्यतः ध्वनी यंत्रातून बाहेर पडायला लागणारा विलंब घटण्यात आहे. हा विलंब बहुधा एक-दोन सहस्रांश सेकंदांचा असतो, आणि ध्वनी हवेत एका सहस्रांश सेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दीड मीटरवरच्या मॉनिटरचा आवाज गायकापर्यंत चार सहस्रांश सेकंदांहून थोडा अधिक उशिराने पोहोचतच असतो. शिवाय २०१२ साली आलेल्या बेहरिंगरच्या एक्स-३२ सारख्या मिक्सरने ३२ मायक्रोफोनची सोय लहान व्यावसायिकाच्या आवाक्यात आणली. मिरजेत बनलेल्या तंबोऱ्याचा नाद सभागृहात पोहोचतो की नाही, हे मायक्रोफोन भोपळ्यापासून किती अंतरावर व कोणत्या कोनात ठेवला आणि शेवटी तो ध्वनी कोणत्या ध्वनिक्षेपकातून बाहेर पडला यावर कितीतरी अधिक अवलंबून असते, असा काकांचा निष्कर्ष आहे, आणि ध्वनीपुरते पाहता तो बरोबर आहे.

“मग डिजिटल तरी कशाला? जुना अॅनालॉग मिक्सर का विकायचा?” या प्रश्नाने चर्चा स्मृतीकडे वळते. अॅनालॉग मिक्सरवर प्रत्येक कामाला स्वतंत्र बटण असल्याने सगळी स्थिती एका नजरेत दिसते, परंतु कार्यक्रम संपून फेडर हलले की तो बॅलन्स गेला. डिजिटल मिक्सर ती सर्व स्थिती ‘सीन’ म्हणून साठवतो. दौऱ्यावरच्या नाटकाने सांगलीत बसवलेला बॅलन्स पुण्यात एका बटणासरशी परत येतो. काकांना यात धोका दिसतो: साठवलेला सीन हा काल दुसऱ्या जागेसाठी घेतलेला निर्णय असतो, आणि दुपारी रिकामे असलेले सभागृह रात्री भरले की माणसांची शरीरे व कपडे ध्वनी शोषून घेतात, तेव्हा कालच्या निर्णयावर विसंबणारा माणूस ऐकणे सोडून देतो. येथे मात्र काकांची बाजू अपुरी पडते. ज्याचे लक्ष चाळीस बटणे पूर्वपदावर आणण्यात गुंतलेले असते तोही ऐकत नसतोच. सीनमुळे सुटलेला वेळ नवी जागा ऐकण्यात घालवायचा की चहात, हे यंत्र ठरवत नाही.

या वादाचे खरे मर्म बिघाडाच्या प्रसंगात आहे. अत्यंत मोठ्या मिक्सरमध्ये वीजपुरवठ्याची, काहींत तर गणनयंत्रणेचीही दुसरी जोडी असते, पण कर्जाच्या मर्यादेत येणाऱ्या यंत्रात ती असेलच असे नाही. दोन सारखे मिक्सर असले आणि दुसरा त्या रात्री मोकळा असला, तर एकाचा सीन पेन ड्राइव्हवरून दुसऱ्यात घालून काही मिनिटांत कार्यक्रम पुढे नेता येतो. उघड्या मैदानावर या मिनिटांना वेगळेच मोल आहे, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो आणि मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकारला वर्षात १५ दिवसांपुरतीच देता येते. “अर्धा तास गेला तर तो दहानंतर भरून देता येत नाही,” काका म्हणतात. “गायकाने शेवटच्या भैरवीसाठी राखलेला वेळ आपल्या यंत्राने खाल्ला, तर त्याची भरपाई कोणत्या भाड्यातून करायची?” श्रोत्याचा वेळ ही उसनी घेतलेली वस्तू आहे असे मानले, तर राखीव यंत्र ही चैन उरत नाही. पुतण्यालाही हे पटते, मात्र गणेशोत्सवात दोन्ही मिक्सर दोन मंडळांकडे गेलेले असतील तेव्हा राखीव काहीच उरणार नाही, ही त्याची शंकाही तितकीच खरी आहे.

शेवटचा मतभेद कामगारांविषयीचा आहे आणि तोच सर्वांत कठीण आहे. दोन मिक्सर म्हणजे दोन माणसे लागतात, म्हणजे आज पेट्या उचलणाऱ्या मुलांपैकी एखाद्याला फेडरवर हात ठेवायला मिळेल. मोठ्या मिक्सरवर पाहुणा तंत्रज्ञ बसेल आणि घरची मुले केबल ओढत राहतील, असे काकांना वाटते. पुतण्या विचारतो, “पण त्या पाहुण्याच्या शेजारी उभे राहून जे शिकता येते, ते इथे कोण शिकवणार?”

निर्णय दोन मिक्सरच्या बाजूने होतो, तो पुतण्याच्या एका अटीवर: रायडर असलेल्या कार्यक्रमाला मोठा मिक्सर भाड्याने आणायचा, पण आदल्या दुपारपासून, म्हणजे घरच्या मुलांना तो लावून, चालवून पाहता येईल. त्या जादा दिवसाचे भाडे कोटेशनमध्ये लपवू नये, वेगळ्या ओळीत लिहावे, असा काकांचा आग्रह आहे. आयोजक ती ओळ खोडायला सांगतील हे दोघांनाही ठाऊक आहे. खोडली तर सुपारी सोडायची की दिवस आपल्या खिशातून भरायचा, यावर त्यांचे एकमत झालेले नाही.