आजोबांचे ऋण : श्राद्ध, स्मरण आणि सेवा

वैदिक परंपरेत माणूस जन्मतःच ऋणी मानला आहे. तैत्तिरीय संहितेत अशी तीन ऋणे येतात. ऋषींचे ऋण अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फेडायचे असते. यांतल्या तिसऱ्या ऋणाभोवती श्राद्धविधी वाढला. पार्वण श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह यांना नाव व गोत्र उच्चारून पिंड देतात आणि त्यांना अनुक्रमे वसू, रुद्र व आदित्य यांची रूपे मानतात. त्यांच्या आधीच्या पूर्वजांना वेगळा पिंड नसतो. पिंड देताना हाताला लागून राहिलेला अन्नाचा लेप दर्भाला पुसतात, तोच त्यांचा वाटा. नावानिशी होणारे स्मरण असे तीन पिढ्यांवर थांबते.

आईच्या वडिलांसाठी महाराष्ट्रात वेगळा दिवस राखून ठेवला आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे पितृपक्ष संपताच घटस्थापनेच्या दिवशी, आजेपाडवा येतो. वडील हयात असलेला मुलगा एरवी पितरांचे श्राद्ध करत नाही. त्या दिवशी मात्र तो दिवंगत मातामहाचे श्राद्ध करतो. मुलीच्या मुलाला, दौहित्राला, धर्मशास्त्राने दिलेला हा मान आहे.

दिलेले अन्न गेलेल्या माणसाला पोचते का, हा यातला जुना तात्त्विक प्रश्न. चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रह’ या ग्रंथात चार्वाकांचा आक्षेप नोंदवला आहे : श्राद्धाने मृताची भूक भागत असेल, तर प्रवासाला निघालेल्याबरोबर शिदोरी देण्याचे कारणच उरत नाही, घरी कोणाला तरी जेवू घातले की झाले. कर्मकांड मानणाऱ्यांनी शास्त्रवचनाचा आधार घेऊन विधीचे समर्थन केले. वारकरी संतांच्या परंपरेत या प्रश्नाला आचरणातून उत्तर मिळते, आणि ते पैठणच्या एकनाथांच्या घराण्यात सर्वांत ठळकपणे दिसते.

या घराण्याची ओळख भानुदासांपासून सुरू होते. ते पंढरीचे वारकरी. विजयनगरला नेलेली विठ्ठलमूर्ती त्यांनी पंढरपुरास परत आणली, अशी परंपरा आहे. त्यांचे पुत्र चक्रपाणी, चक्रपाणींचे पुत्र सूर्यनारायण आणि सूर्यनारायणांचे पुत्र एकनाथ. सोळाव्या शतकात जन्मलेल्या एकनाथांचे आईवडील लहानपणीच वारले आणि त्यांना आजोबा चक्रपाणी व आजी यांनी वाढवले. पुढे कोणालाही न सांगता हा मुलगा देवगिरीला जनार्दनस्वामींकडे निघून गेला. चरित्रकार सांगतात की म्हाताऱ्या चक्रपाणींनी शोध घेत जनार्दनस्वामींना गाठले आणि नातवासाठी त्यांचे पत्र मिळवले. तीर्थयात्रेहून परतलेले एकनाथ पैठणला आले, तेव्हा आजोबांनी ते पत्र त्यांच्या हाती दिले. जिथे पत्र मिळेल तिथेच राहावे, अशी गुरूंची आज्ञा होती. एकनाथ पैठणलाच राहिले, गिरिजाबाईंशी विवाह करून गृहस्थ झाले. संन्यासाकडे वळू शकणारा नातू आजोबांच्या चिकाटीने संसारात आला. पुढचे त्यांचे सारे काम, एकनाथी भागवत, भारुडे, ज्ञानेश्वरीची शके 1506 मधली शुद्ध प्रत, हे घर सांभाळूनच झाले.

याच घरात श्राद्धाची प्रसिद्ध कथा घडते. पितृतिथीचा स्वयंपाक झाला होता. वाड्याबाहेरून जाणाऱ्या एका महार कुटुंबाला अन्नाचा वास आला आणि असे अन्न आपल्या नशिबी कुठले, असे उद्गार निघाले. ते नाथांच्या कानी पडले. त्यांनी गिरिजाबाईंना सांगून श्राद्धाचे सगळे अन्न त्या मंडळींना पोटभर वाढले. मग घर सारवून ब्राह्मणांसाठी पुन्हा स्वयंपाक केला. ब्राह्मणांनी जेवायला येण्यास नकार दिला. तेव्हा नाथांनी पाने मांडून पितरांना आवाहन केले आणि भानुदास, चक्रपाणी, सूर्यनारायण स्वतः येऊन जेवले, असे कथा सांगते. अठराव्या शतकातल्या महिपतींनी नाथांचे चरित्र विस्ताराने गायले आणि अशा कथा कीर्तनांतून घरोघर पोचल्या. पितर येतात हा चमत्कार कोणी अक्षरशः मानो वा न मानो, कथेचा क्रम महत्त्वाचा आहे. भुकेल्याला अन्न आधी मिळते आणि पितर त्यानंतर येतात. अन्न पोचते का, या प्रश्नाचा निकाल इथे भुकेल्याच्या पानावर लागतो.

वारसा रक्ताबरोबर आपोआप येत नाही, हेही याच घराण्यात दिसते. नाथांचे पुत्र हरिपंडित संस्कृतचे विद्वान होते. वडिलांचे प्राकृतातले लेखन व निरूपण त्यांना रुचले नाही आणि ते काशीला निघून गेले, असे चरित्रे सांगतात. पुढे त्यांचे मतपरिवर्तन झाले. नाथांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर याने मात्र मराठीत महाभारत रचून आजोबांची वाट पुढे नेली. आजेपाडव्याला दौहित्राने द्यायची तिलांजली एका नातवाने ग्रंथरूपाने दिली, असे म्हणता येईल.

आधुनिक काळात श्राद्धावर सुधारकांनी कठोर टीका केली. जोतीराव फुले यांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि धार्मिक विधींतली भटभिक्षुकांची मध्यस्थी नाकारली. कर्ज काढून सण-समारंभ करू नका, असे गाडगेमहाराज कीर्तनांतून बजावत. स्वतः त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. या दोघांच्या टीकेचा रोख खर्चावर आणि मध्यस्थांवर होता. थोरांविषयीची कृतज्ञता त्यांनी कधी त्याज्य ठरवली नाही. त्यानंतर अनेक घरांत तिथीचे रूप बदलले. आजोबांच्या नावाने अनाथाश्रमात एक दिवसाचे जेवण, गावच्या वाचनालयाला पुस्तके, गरजू विद्यार्थ्याची फी, असे दान दिले जाते. देवळाच्या पायरीवर, शाळेतल्या बाकावर, सभामंडपातल्या पंख्याच्या पात्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’ ही अक्षरे रंगवलेली आढळतात. वारकरी घरांत आजोबांचे पाय थकले की दिंडीतली त्यांची जागा मुलगा किंवा नातू घेतो. ‘घरात वारी आहे’ असे म्हणतात ते याच अर्थाने.

श्रद्धा, संसार आणि लोकसेवा यांची सांगड घालणाऱ्या आजोबांचे स्मरण कसे करावे, याचे या परंपरेतून निघणारे उत्तर स्पष्ट आहे. तिथी पाळणे हा कृतज्ञतेचा किमान भाग झाला. त्यांनी जे काम मनापासून केले, त्यातले एखादे तरी नातवंडांनी चालू ठेवले, तरच पितृऋण फिटले असे म्हणावे.