अज्ञान राजाचे घर

बेंगळूरचा राजवाडा पाहून परतणाऱ्यांचा शेरा बहुधा ठरलेला असतो: 'अगदी विलायतेत गेल्यासारखे वाटले!' बुरूज, दातेरी कठडे, भिंतींवर चढलेली वेल, दरबार दालनाच्या रंगीत काचा. इंग्लंडात ट्यूडर घराण्याची सत्ता १६०३ साली संपली. त्या काळच्या धर्तीचे हे घर म्हैसूरच्या पठारावर एकोणिसाव्या शतकात उभे राहिले. नक्कल म्हणून त्याला नाके मुरडणारे आहेत. मला तो आक्षेप किरकोळ वाटतो. प्रश्न निराळाच आहे.

रेव्हरंड गॅरेट यांच्याकडून ही मिळकत १८७३ साली घेतली गेली, ती चामराजेंद्र वडेयरांच्या खाजगी पैशातून. चामराजेंद्र तेव्हा दहा वर्षांचे, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'अज्ञान'. व्यवहार केला इंग्रज पालकांनी. बांधकाम १८७४ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये पुरे झाले. त्यांतली शेवटची सुमारे दोन वर्षे म्हैसूर संस्थानात घोर दुष्काळाची होती. १८७१ च्या शिरगणतीत पन्नास लाखांवर असलेली लोकसंख्या १८८१ मध्ये बेचाळीस लाखांच्या आत आली.

दोष कोणाचा? मुलाला कोणी विचारले नव्हते. पालकांनी राजाच्या इतमामाला साजेसे घर राजाच्याच पैशातून घेतले, आणि घेतले तेव्हा दुष्काळ पडलेला नव्हता. पावसावर तर कोणाचाच हुकूम चालत नाही. सरकारी कामकाजात मुरलेल्या वाचकांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. कागद नियमाप्रमाणे, सही अधिकाराची; आणि अखेर जे घडते त्याचा धनी मात्र कोणीच नाही! मला हे पटत नाही. काम चालू ठेवणे हाही निर्णयच असतो, मग त्यावर कोणाची सही असो वा नसो. त्याच दिवसांत पुण्याची सार्वजनिक सभा दुष्काळी भागाची माहिती मिळवून सरकारपुढे मांडत होती. पाहू म्हणणाराला दिसत होते.

म्हणून वास्तूचे सौंदर्य नाकारावे काय? तेही साधत नाही. काचांतून उतरलेला रंगीत उजेड पाहून मन हरखते, आणि ते हरखणे खोटे नव्हे. २००५ पासून तिकीट काढून कोणालाही आत जाता येते, हेही बरेच झाले. मात्र दालनांची संख्या विचारणाराने बांधकामाची सालेही विचारावीत.

चामराजेंद्र सज्ञान झाले आणि १८८१ च्या मार्चमध्ये त्यांना राज्य मिळाले. त्याच वर्षीच्या दसऱ्यास दिवाण रंगाचार्लू यांनी म्हैसुरास प्रजाप्रतिनिधी सभा भरवली. गावोगावचे शेतकरी आणि व्यापारी तीत आले होते; दुष्काळ सरून तीनच वर्षे झाली होती.