प्रश्न कोणी विचारायचा?

गेल्या चाळीस वर्षांत बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात ज्यानं खरिपाला उडीद पेरला, त्यानं कधी ना कधी टीएयू-१ पेरलेलाच असणार. मूग-उडीद म्हणजे कापूस घरात येण्याआधी हातात पडणारा पहिला पैसा. पोळ्याचा, गणपतीचा खर्च त्यावर निघतो. हा वाण मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठात मिळून तयार झाला, हे पेरणाऱ्याला ठाऊक असण्याचं काही कारण नाही. देशाच्या बड्या विज्ञानसंस्थेची आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या या तालुक्याची गाठ पडली ती अशी, बियाण्याच्या पिशवीवर. ती पडायला मध्ये चाळीस वर्षं गेली. या काळात ‘राष्ट्रीय विज्ञानसंस्था कशासाठी’ या प्रश्नाचं उत्तर बदलत गेलं, पण संस्थेला प्रश्न कोणी विचारायचा, याकडे तितकं लक्ष गेलं नाही.

होमी भाभांनी १२ मार्च १९४४ रोजी दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहिलं, तेव्हा हिरोशिमा दीड वर्ष लांब होतं. आणखी वीसेक वर्षांनी अणूपासून वीज करायची वेळ येईल, तेव्हा आपल्याला तज्ज्ञ बाहेरून मागवावे लागू नयेत, ते घरातच तयार असावेत, असा त्या पत्राचा आशय. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग आला, १९५४ मध्ये थेट पंतप्रधानांच्या हाताखालचं स्वतंत्र खातं झालं आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला अप्सरा ही अणुभट्टी चालू झाली. वेग थक्क करणारा आहे. त्यामागचा विचार साधा होता. एक समर्थ माणूस निवडायचा, त्याला पैसा आणि मोकळीक द्यायची, कोणत्या प्रश्नावर काम करायचं ते त्यानंच ठरवायचं. अणुभट्टीसारख्या कामाला हे चाललं, कारण तो प्रश्न एका घरात मावणारा होता.

विरोध झालाच नाही असं नाही. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांचं म्हणणं होतं की विज्ञान विद्यापीठांत वाढू द्या, ते कुंपणात नेऊ नका. त्याहून अडचणीचा विरोधक भाभांच्याच संस्थेत बसला होता. दामोदर धर्मानंद कोसंबी, गोव्यात जन्मलेले, पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला ये-जा करणारे गणिती. त्यांचा कौल सूर्याच्या बाजूनं होता. ऊन गावोगाव फुकट पडतं, जिथं वीज लागते तिथंच ती करता येते, मग अणूचा एवढा खर्चिक हट्ट कशाला, असा त्यांचा सवाल. १९६२ मध्ये त्यांचा संस्थेशी असलेला करार वाढवला गेला नाही. आज ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ म्हणत सरकार वावरा-वावरात पॅनल उभे करतं आहे. कोसंबींना हे पाहून बरं वाटलं असतं. मात्र संग्रामपूरकडे पूर्णा नदीच्या बाजूच्या गावांत तो पंप उन्हावर उपसतो ते पाणी खारंच असतं.

विक्रम साराभाईंनी भाभांचा क्रम उलटा केला. आधी समाजाची गरज, मग त्यासाठी लागणारं यंत्र. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं, १५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रो स्थापन झाली. साराभाई १९७१ च्या अखेरीस गेले, पण त्यांनी आखलेला उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग १९७५-७६ मध्ये झाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य, शाळा यांचे कार्यक्रम दिसले. त्या यादीत महाराष्ट्र नव्हता. मला हा प्रयोग थोर वाटतो. तरी खेड्याला काय हवं हे ठरत होतं अहमदाबादेत, आणि खेडं त्यात प्रेक्षक होतं.

१९६९ हे वर्ष गमतीचं आहे. ऑगस्टमध्ये इस्रो, ऑक्टोबरमध्ये तारापूरची अणुवीज, आणि त्याच ऑक्टोबरच्या २० तारखेला अकोल्याला पंजाबराव देशमुखांच्या नावाचं कृषी विद्यापीठ. पहिल्या दोहोंची देशभर वाहवा झाली. तिसरं वऱ्हाडानं आंदोलन करून पदरात पाडून घेतलेलं होतं. लोकांनी मागून घेतलेली संस्था आणि दिल्लीनं उभारलेली संस्था यांत फरक पडतो, असं माझं मत आहे. टीएयू-१ हा त्याचा पुरावा.

ट्रॉम्बेच्या भाभा केंद्राकडे किरणोत्सर्गाची साधनं होती. बियाण्यावर किरण सोडले की त्याच्या गुणसूत्रांत उलथापालथ होते. पुढच्या पिढीत हजारो झाडं येतात, त्यातली बहुतेक खुजी, वांझ, निकामी. एखाद्याच झाडात कामाचा गुण सापडतो. ते हेरायचं, त्याची पिढ्यान्‌पिढ्या निवड करायची, चालू वाणाशी संकर करायचा. यूएम-१९६ हा असाच घडवलेला उडीद. त्याचा टी-९ या जुन्या वाणाशी संकर झाला आणि त्यातून १९८५ मध्ये टीएयू-१ बाहेर पडला. (बियाण्यात किरणोत्सर्ग उरतो का, हा प्रश्न आजही कोणीतरी विचारतं. उरत नाही.) पण काळ्या मातीत, अडीच महिन्यांत, पावसाच्या लहरीवर काय टिकेल हे ट्रॉम्बेच्या कुंपणात बसून कळत नाही. ते अकोल्याला कळत होतं. मुगावर भुरी पडते ही वऱ्हाडातली तक्रार; तिला उत्तर म्हणून याच जोडीनं टीएआरएम मालिकेतले मुगाचे वाण काढले. भुईमुगाचा टीएजी-२४ तर राज्याच्या पलीकडे गेला. इथं प्रश्न शेतकऱ्याचा होता, तो विद्यापीठानं नीट मांडला आणि अणुकेंद्रानं त्यासाठी हत्यार दिलं. भाभांच्या आराखड्यात ही पायरी नव्हती.

उपग्रहांच्या बाबतीत ती पायरी अर्धीच पडली. मार्च १९८८ मध्ये आयआरएस-१ए अवकाशात गेला, नागपूरला राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आलं, भूजल कुठं सापडेल याचे नकाशे निघाले. पण वरून पाहणाऱ्याला पाण्याची चव कळत नाही, आणि संग्रामपुरात सगळा घोळ चवीचाच आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याकडे विहिरीचं पाणी गोड लागतं आणि नदीकडे उतरत जावं तसं ते खारावतं. हापशीच्या तोटीवर, चुलीवरच्या भांड्यात पांढरा थर बसतो. त्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, चहा बेचव होतो. ओलीत करावं तर मातीत क्षार चढतात आणि जमीन चोपण होते, म्हणून विहीर असूनही शेती कोरडवाहू. वान धरणाचं पाणी पाइपानं काही गावांत पोचलं, बाकी ठिकाणी आरओचा जार विकत घ्यायचा. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागात किडनीच्या रुग्णांची चर्चा वर्षानुवर्षं आहे. गाव दोष पाण्याला देतं. विज्ञानाला तेवढ्यावर थांबता येत नाही. आंध्रातल्या उद्दानमला आणि श्रीलंकेतही असाच किडनीचा आजार आहे आणि तिथंही एकच कारण हाती लागलेलं नाही. म्हणून तर इथं नेटानं, वर्षानुवर्षं पाहणी व्हायला हवी.

जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले आणि काही दिवसांत टक्कल पडू लागलं. तेव्हा मात्र भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक धावत आलं, पाण्याचे, रक्ताचे नमुने गेले, वाहिन्यांचे कॅमेरे आले. त्याच सुमारास महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपासण्या करून घेऊन रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध चालतं, हे कोकणात रुग्ण तपासता तपासता दाखवून देणारा हा डॉक्टर. त्याला कुठल्या खात्यानं प्रश्न नेमून दिला नव्हता. केस गळणं बातमी होतं, किडनी सावकाश बाद होणं होत नाही. संस्था बातमीमागे येतात, हा दोष त्यांच्या शास्त्रज्ञांचा नाही. त्यांना बोलावण्याची दुसरी रीतच आपण ठेवलेली नाही.

साधनं आहेत. पाण्यातल्या ट्रिशियमचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं, त्यावरून उपशाचं पाणी अलीकडच्या पावसाचं आहे की जुनं, जमिनीत मुरून बसलेलं, याचा अंदाज निघतो. हे शास्त्र ट्रॉम्बेला अवगत आहे. क्षारांचे आकडे राज्याच्या भूजल यंत्रणेकडे, नकाशे नागपूरला, रुग्णांच्या नोंदी आरोग्य खात्याकडे. हे कागद एका टेबलावर मांडणं मात्र कोणाच्याही खात्याचं काम नाही. माणूस तक्रार घेऊन ग्रामपंचायतीत जातो, तिथून पंचायत समितीत, आणि फार तर एखादा आरओ प्लांट मंजूर करून परत येतो.

माझ्या मते हे टेबल अकोल्याच्या विद्यापीठात मांडावं. खारपाणपट्ट्याच्या मातीवर त्यांनी काम केलेलं आहे आणि या भागातल्या माणसाला त्यांचं दार परकं नाही. रोगाचा विषय कृषी विद्यापीठाला कसा झेपेल, असा आक्षेप येईल आणि तो खरा आहे. पण उडदाच्या वेळी अकोल्याकडे अणुकेंद्राची साधनंही नव्हती. ती त्यांनी ट्रॉम्बेकडून घेतली.