गोलूची रांग : गीता ६.३२



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३२.

थोडक्यात अर्थ असा. स्वतःवरून जो दुसऱ्याला ओळखतो, आपल्याला सुख-दुःख जसं लागतं तसंच ते समोरच्यालाही लागतं हे ज्याला सगळीकडे सारखं दिसतं, तो योगी सर्वांत श्रेष्ठ. हा ध्यानाचा अध्याय आहे. आसन कसं घालावं, मन कसं आवरावं हे सांगता सांगता भगवंत अचानक शेजाऱ्याच्या दुखण्यावर येतात. डोळे मिटायला शिकवून झालं की लगेच डोळे उघडायला सांगतात.

हा श्लोक मला पाठ होता. त्याचा अर्थ मात्र मला एका रांगेत कळला, आणि तोही माझी चूक झाल्यावर. ती चूक आज लिहून टाकतो.

आमचं गाव जळगाव जामोद. (पुण्यात कुणाला सांगितलं की लगेच ‘अच्छा, केळीवालं जळगाव’ म्हणतात. नाही हो, ते खान्देशातलं. आमचं बुलढाणा जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं.) आमच्या गावाला रेल्वे नाही. आगगाडी बघायची तर नांदुऱ्याला जा, नाहीतर पूर्णा ओलांडून शेगावला. आणि माझ्या ताईच्या मुलाला, गोलूला, जगात सगळ्यात जास्त काही आवडत असेल तर ती आगगाडी.

गोलू स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिझम. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. बोलतो कमी, पण डबे मोजतो. मालगाडी गेली की किती वाघिणी होत्या ते बरोबर सांगतो. त्याला दोन गोष्टी सहन होत नाहीत : खूप जणांचे एकदम आवाज, आणि मागून-पुढून अंगाला लागणारी माणसं. रांग म्हणजे नेमक्या याच दोन गोष्टी.

काही वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी. शेगावच्या आनंद सागरमधली छोटी आगगाडी तेव्हा सुरू होती. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना आठवत असेल, मोठं तळं, मधोमध ध्यानकेंद्र, झाडी, मुलांची खेळणी आणि ती गाडी. गजानन महाराज संस्थानाने उभं केलेलं, शिवशंकरभाऊ पाटलांच्या काळात. आमच्याकडच्या पोरांसाठी थीम पार्क म्हणजे तेच. मुंबई-पुण्याच्या पार्कांची नावं आम्ही नंतर ऐकली.

आम्ही सात जण होतो. गाडीच्या रांगेत दहा मिनिटं गेली आणि गोलूने कानांवर हात घेतले. मग स्वतःचं मनगट चावायला लागला. ताईने त्याला जवळ घेतलं तर आणखी ओरडला. लोक बघायला लागले. ‘लाडावलंय पोरगं’ असं मागून कुणीतरी म्हणालं. ताईचा चेहरा मी पाहिला आणि माझं डोकं फिरलं. ‘चला पुढे’ म्हणत मी गोलूला उचललं आणि सरळ रांगेच्या तोंडाशी गेलो. माझ्यामागे ताई, भाऊजी, आई, आणि मामाची दोन पोरं. सगळे सातही.

पुढे एक आजी होती. सोबत पाच-सहा बायका, एका टेम्पोतून आलेल्या. कापूस वेचणीचे दिवस होते, एक दिवसाची सुट्टी काढून दर्शनाला आल्या असाव्यात. आजीच्या पायाला फडकं बांधलेलं. ती म्हणाली, ‘आमी काय हौसेनं उभे हाओत का इथं?’

मी फाडकन बोललो, ‘आजी, मुलाला त्रास आहे. तुम्हाला नाही कळायचं.’

आजी गोलूकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘लेकराले जाऊ दे ना बापा, कोण नाई म्हनते? पन तू कायले गेला पुढं? तुले काय झालं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी मी चढलो. सातही जण चढले. गाडी भरली. आजीचा नंबर पुढच्या फेरीवर गेला. आमची फेरी संपत आली तेव्हा मी पाहिलं, टेम्पोवाला हाका मारत होता आणि त्या बायका रांग सोडून चालल्या होत्या. गोलूने डबे मोजले. मी मान खाली घालून बसलो होतो.

आता आजचा श्लोक पुन्हा वाचा.

तेव्हा मला वाटत होतं की हा श्लोक माझ्या बाजूने आहे. रांगेतल्या लोकांनी गोलूचं दुःख स्वतःच्या दुःखासारखं बघायला हवं होतं. खरंच आहे, बघायला हवं होतं. पण श्लोक एकाच दिशेने चालत नाही. आजीने मला पाहावं असं मला वाटत होतं, मी मात्र तिच्या पायाचं फडकं पाहूनही पाहिलं नव्हतं. तिने गोलूला पाहिलं. म्हणजे त्या दिवशी त्या रांगेत श्लोक जगणारी व्यक्ती तीच होती, आणि पाठ असणारा मी.

थोडं रांगेबद्दल बोलू. आपल्याला रांग म्हणजे कटकट वाटते. कुठे व्हिआयपी पास मिळतो का, कुणाची ओळख निघते का, हे आपण आधी बघतो. पण रांग ही फार मोठी गोष्ट आहे. रांगेत सावकार आणि सालदार यांच्यात फक्त कोण आधी आला एवढाच फरक असतो. आषाढीला पंढरपुरात मुख्यमंत्र्यांसोबत महापूजेचा मान कुणाला मिळतो? दर्शनरांगेतल्या वारकरी जोडप्याला. तिथे रांगेत उभं असणं हीच पात्रता.

आणि ही रांग सगळ्यांना फुकटात मिळालेली नाही. चोखोबांचं जन्मस्थान आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा मानतात. त्यांना रांगेत मागे नव्हतं उभं केलं. त्यांना रांगच नव्हती. ज्याच्या भक्तीत आयुष्य घालवलं त्याच्या देवळाबाहेर ते राहिले आणि त्यांची समाधीही नामदेव पायरीजवळ, दाराबाहेरच आहे. तो दरवाजा दलितांसाठी उघडावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. चोखोबांनंतर सहाशे वर्षांनी! म्हणून रांग मोडताना मी काय मोडतोय याचं भान हवं. ती गरिबाची एकमेव ओळखपत्र नसलेली जागा आहे.

मग गोलूनेही रांगेत उभं राहावं का? सगळ्यांना एकच नियम, म्हणजे समदृष्टी, असं काही जण म्हणतील. पाचव्या अध्यायातला समदर्शनाचा श्लोक (५.१८) आठवतील. तिथे तर विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि त्या काळी ज्याला समाजाने बाहेर टाकलं तो माणूस, या सगळ्यांत ज्ञानी सारखंच बघतो असं आहे. पण सारखं बघणं म्हणजे हत्तीपुढे आणि कुत्र्यापुढे एकच पान वाढणं नव्हे. घरची आई हे जाणते. तापलेल्या पोराला पेज, बाकीच्यांना भाकरी. प्रेम सारखं म्हणूनच ताट वेगळं.

रांग सगळ्यांकडून वेळ घेते, एवढंच आपल्याला दिसतं. खरं तर ती पाय घेते, कंबर घेते, कान घेते. अर्ध्या तासाची किंमत माझ्यासाठी कंटाळा आहे. माझ्या आईसाठी गुडघे. गोलूसाठी ती अंगाला आग लागल्यासारखी आहे. मिनिटं सारखी, दुःख सारखं नाही. आणि ६.३२ मिनिटं मोजायला सांगत नाही, सुख-दुःख मोजायला सांगतो. म्हणून गोलूला वेगळी वाट देणं ही कुणाची मेहेरबानी नाही. आपला कायदाही आता हे जाणतो. १९९५ च्या अपंग कायद्यात ७ प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले आणि त्यात ती आली. जे डोळ्यांना दिसत नाही तेही दुखणं असतं हे मान्य व्हायला इतकी वर्षं गेली.

पण आजीचा प्रश्न उरतोच. तू कायले गेला पुढं?

हा प्रश्न फक्त शेगावचा नाही. अमेरिकेत डिस्नेच्या पार्कांमध्ये दिव्यांगांना रांग टाळता येईल असं कार्ड मिळायचं. २०१३ मध्ये तिकडच्या वर्तमानपत्रात बातमी आली की काही श्रीमंत कुटुंबं पैसे देऊन दिव्यांग माणूस सोबत भाड्याने घेतात, त्याच्या आडून सगळं घर पुढे जातं. त्याच वर्षी डिस्नेने पद्धत बदलली. नव्या पद्धतीत साधारण रांगेइतकाच वेळ थांबायचं, पण रांगेत नाही. ठरलेली वेळ घेऊन बाहेर कुठेही बसा, फिरा, आणि त्या वेळेला या. ही बातमी मी नंतर वाचली आणि आधी त्या श्रीमंतांना नावं ठेवली. मग लक्षात आलं, मी वेगळं काय केलं होतं? त्यांनी पैसे दिले, मी भाचा दिला. गोलूची गरज एक जागा आणि त्याच्याजवळ एक माणूस, एवढी होती. उरलेल्या पाच जागा आम्ही त्याच्या नावावर उचलल्या. त्या पाचांतली एक आजीची होती.

चोरी म्हणजे फक्त खोटं बोलून घेणं नव्हे. खऱ्या दुःखाच्या नावाने गरजेपेक्षा जास्त घेणं हीसुद्धा चोरीच. आणि तिचा सगळ्यात मोठा तोटा गोलूसारख्यांनाच होतो. कारण पुढच्या वेळी रांगेतल्या लोकांना सात माणसं आठवतात, एक लेकरू आठवत नाही.

इथे एक अवघड गोष्ट आहे आणि ती मी टाळणार नाही. ‘रांग जमत नाही ना, मग बाहेरूनच हात जोडा’ असं आपण फार सहज म्हणतो. आपल्याकडे कळसाचं दर्शन घ्यायची सुंदर परंपरा आहे. आत जाता आलं नाही तरी कळस दिसला की वारी पोचली असं वारकरी मानतो. पण हे समाधान माणसाने स्वतः मानायचं असतं, दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नसतं. चोखोबांनाही बाहेरूनच समाधान माना असं सांगितलं गेलं होतं. मग गोलूला, व्हीलचेअरवरच्या आजोबांना, डायलिसिस करून आलेल्या काकांना तेच सांगताना आपली जीभ जरा अडखळायला हवी. त्यांनी आत यावं, गाडीतही बसावं. कसं, ते आपण शोधायचं.

आणि ज्याचं दुखणं दिसत नाही त्याच्यावर विश्वास ठेवायचा का? मला विचाराल तर ठेवावा. दहातला एक फसवेल. त्या एकाला पकडण्यासाठी उरलेल्या नऊ आयांना भर रांगेत आपल्या पोराचं दुखणं सिद्ध करायला लावायचं, हा सौदा मला परवडत नाही. ताईचा तो चेहरा मी पाहिलाय.

पण आजीचं काय? तिने काहीच मागितलं नाही. तिच्याकडे कार्ड नव्हतं, दुखण्याला नाव नव्हतं, फक्त फडकं होतं. मागणाऱ्याला वाट देणारी व्यवस्था करता येते. न मागता उभं राहणाऱ्याचं काय करायचं, याला नियम पुरत नाही. तिथे मागच्या-पुढच्या माणसाचे डोळेच लागतात. हा श्लोक कायद्यात न जाता योगाच्या अध्यायात आहे तो बहुतेक यासाठीच.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. कुठेही गेलो की घरातला एक जण रांगेत उभा राहतो. गोलू आणि ताई बाहेर झाडाखाली. नंबर जवळ आला की फोन. मग मी पुढच्या-मागच्या लोकांना आधीच सांगून ठेवतो, ‘दादा, भाचा येईल, त्याला गर्दी सहन होत नाही. एकच जागा त्याची, एक त्याच्या आईची. चालेल का?’ ‘चालेल का’ हे दोन शब्द मी त्या दिवशी म्हटलेच नव्हते. रांग त्यात उभ्या असलेल्यांची असते. वाट त्यांच्याकडून मागून घ्यायची, हिसकायची नाही. आजवर बहुतेक जण ‘हो हो, येऊ द्या’ म्हणालेत. एक-दोघांनी तोंड वाकडं केलं. चालायचंच. त्यांच्याही पायाला काही बांधलेलं असेल, मला दिसलं नसेल.

बाकीचे आम्ही आमच्या नंबरने जातो. नाही मिळाली जागा तर नाही. गोलू आल्यावर डबे किती होते ते सांगतोच.

त्या आजीची माफी मागायची राहून गेली. ती आता मागता येणार नाही. म्हणून रांगेत माझ्या पुढे-मागे कुणी म्हातारं माणूस दिसलं की मी आधी त्याच्या पायांकडे बघतो.

आजचा संकल्प : आज कुठल्याही रांगेत असाल, बँकेत, मेट्रोच्या तिकिटाला, देवळात, तर मोबाइल पाच मिनिटं खिशात ठेवा. पुढच्या आणि मागच्या माणसाकडे एकदा नीट बघा. बसायला जागा हवीय का, एवढंच विचारा.

आजचा प्रश्न : कुणाच्या तरी खऱ्या दुःखाच्या आडून मी गरजेपेक्षा जास्त कधी घेतलंय का?

जय गजानन माऊली. उद्या अध्याय ६, श्लोक ३३. तिथे अर्जुन म्हणतो की हे असं सम बघणं मला टिकेल असं वाटत नाही. अर्जुनाचं मला फार पटतं. उद्या बोलू.