पलंगाखालचे मांजर



उपवासकाळाच्या तोंडावर एका रविवारी आम्ही प्रवचनात बोलून गेलो की, माणसे उपाशी असताना मांजरांचे लाड करणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. माना डोलल्या. प्रवचन देणाऱ्याला तेवढे पुरते. मिस्सानंतर धर्मग्रामातील एक मावशी दाराशी थांबल्या होत्या. म्हणाल्या, "फादर, आज तुम्ही माझ्याबद्दल बोललात." आम्हांस खरोखरच काही ठाऊक नव्हते.

मावशींच्या घरी एक मांजर होते, आणि ते त्यांचे नव्हते. मुंबईतल्या एका शेल्टरमधून त्यांनी ते काही महिन्यांसाठी आणले होते. ह्याला फॉस्टर म्हणतात. प्राणी आपल्या घरी न्यायचा, त्याचे औषधपाणी करायचे, त्याला माणसांची सवय लावायची आणि कायमचे घर मिळाले की देऊन टाकायचा. डॉक्टरचा खर्च बहुधा शेल्टर उचलते. वेळ मात्र ज्याचा त्याने द्यायचा. शेल्टरमध्ये येणारे लोक पुढे येऊन पायाला अंग घासणारे पिल्लू उचलून नेतात. भिंतीकडे तोंड करून बसलेले, आंधळे, तीन पायांचे, म्हातारे, असे मागे राहते. मावशींनी आणलेल्या मांजरीचा एक डोळा लहानपणीच्या संसर्गात गेलेला होता, आणि माणूस दिसला की ती लपत असे.

पुढच्या आठवड्यात आम्ही थोडेसे ओशाळून त्यांच्या घरी गेलो. आतली लहान खोली मांजरीला दिलेली. पलंगाखाली एक पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवलेले, त्यावर जुनी चादर. वाकून पाहिले तेव्हा अंधारात एकच डोळा चमकला. मावशींनी आम्हांला लगेच मागे सरकायला सांगितले. मांजराकडे रोखून पाहणे म्हणजे त्याला धमकावणे. पाहायचेच तर डोळे सावकाश मिटायचे आणि सावकाश उघडायचे. पिल्लू साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाशी ओळख करून घेते. त्या दिवसांत माणसाचा हात लागला नाही तर पुढे भीती सहजासहजी जात नाही. अशा मांजराला पलंगाखालून ओढून काढले की महिन्याभराची कमाई एका क्षणात जाते. म्हणून मावशी रोज संध्याकाळी तासभर जमिनीवर बसत, वाटी थोडी थोडी जवळ सरकवत आणि आवाजाची सवय व्हावी म्हणून 'सुवार्ता' मोठ्याने वाचत. (मांजरीला किती बोध झाला सांगता येत नाही.) मावशींच्या समोर खायला तिला तीन आठवडे लागले. बोटाला नाक लावायला दोन महिने.

परतताना आम्हांस सेमिनरीतला तत्त्वज्ञानाचा वर्ग आठवला. ॲरिस्टॉटल म्हणतो की मैत्रीला परतफेड लागते. दोघांनी एकमेकांचे भले इच्छिले पाहिजे आणि दोघांना ते कळले पाहिजे. संत थॉमस अक्वायनस ह्याच धाग्याने पुढे जातात. त्यांच्या मते मुक्या प्राण्याशी खऱ्या अर्थाने मैत्री होत नाही. देवाच्या गौरवासाठी आणि माणसाच्या उपयोगासाठी तो टिकावा एवढी इच्छा मात्र प्रीतीपोटी करता येते. प्राण्यांशी दयेने वागणारा माणसांशीही दयेने वागायला शिकतो, असेही ते सांगतात. पुढे कांटनेही जवळपास हेच म्हटले. पण असे म्हटले की मांजर निव्वळ सरावाचे साधन होऊन बसते, ही शंका आम्हांला विद्यार्थी असतानाही छळत असे. १९९२ सालचा ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण-ग्रंथ एक पाऊल पुढे टाकतो. प्राणी नुसत्या आपल्या असण्यानेच देवाचा गौरव करतात, म्हणून आपण त्यांचे दयेचे देणे लागतो, असा त्याचा भाव आहे. योनाच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी देव निनवे नगराची कणव का येते ते सांगतो, तेव्हा लाखावर माणसांबरोबर तिथल्या जनावरांचीही गणती करतो.

त्याच ग्रंथात लागलीच एक इशाराही आहे: माणसांचे दुःख हलके करण्यासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा तो प्राण्यांवर उधळू नये, आणि माणसाच्या वाट्याचे प्रेम त्यांना देऊ नये. दिवंगत पोप फ्रान्सिस २०२२ च्या जानेवारीत मुलांऐवजी कुत्री-मांजरी पाळणाऱ्या जोडप्यांविषयी बोलले, तेव्हा पुष्कळांना राग आला होता. आम्ही तो इशारा मागे घेत नाही. पण मावशींना तो कितपत लागू पडतो? त्यांनी मांजर मिरवण्यासाठी ठेवलेले नाही, कोणाची जागा भरण्यासाठीही नाही. जे प्रेम करत नाही आणि करू लागले की दुसऱ्याला द्यायचे आहे, त्याच्यापाशी त्या बसत होत्या.

ही हकिकत आम्ही धर्मग्रामाच्या एका सभेत कौतुकाने सांगितली. 'विशेष गरजा असलेली मांजरे' असे शब्दही वापरले. सभा संपल्यावर एक आई आमच्याकडे आली. (तिच्या परवानगीने लिहीत आहोत.) तिचा मुलगा बोलत नाही, गोंगाट झाला की कान झाकून ओरडतो. ती म्हणाली, "फादर, मांजर पलंगाखालून बाहेर येईपर्यंत थांबायला आपल्या धर्मग्रामाकडे दोन महिने आहेत. माझा मुलगा धर्मशिक्षणाच्या वर्गात ओरडला तेव्हा दहा मिनिटांत मला फोन आला होता. न्यायला या म्हणून."

आम्ही काही बोलू शकलो नाही. मुलाची आणि मांजराची तुलना करायची नसते, हे सांगायला तोंड उघडले होते. पण तुलना तिने केलीच नव्हती. ती आमच्या धीराची मापे सांगत होती.

त्या रात्री आम्हांस आमच्या प्रवचनातली चूक दिसली, आणि सभेतलीही. प्रवचनात आम्ही धरून चाललो होतो की माया ही पाकिटातल्या नोटांसारखी असते. इथे खर्च केली की तिथे कमी पडते. पैशाचे तसे आहे, तासांचेही तसेच आहे, हे नाकारता येणार नाही. पण मावशींनी मांजरीचा दूधभात बंद केला असता तर त्या मुलाला वर्गात जागा मिळाली असती का? (दूधभात नव्हेच म्हणा. मोठ्या मांजराला गाईचे दूध बहुधा पचत नाही, हेही मावशींनीच सांगितले.) सभेत नेमकी उलटी चूक झाली. एका ठिकाणी धीर धरला की तो आपोआप दुसरीकडे वाहत जातो, असे आम्ही सुचवले. कुत्र्यावर जीव टाकणारी आणि घरातल्या गड्याला ताटकळत ठेवणारी माणसे आपण पाहिलेली आहेत. संत थॉमस म्हणतात तो सराव खरा असेलही, पण तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कोणीतरी उचलून न्यावा लागतो. मुलाच्या आईला फोन करायला सांगणारे कोणी परके नव्हते. आम्हीच होतो.

जूनमध्ये मांजरीला घर मिळाले. एक वयस्क जोडपे येऊन तिला घेऊन गेले. जाताना ती पिंजऱ्यात ओरडली नाही, ह्याचेच मावशींना जास्त रडू आले. पुन्हा एखादे आणणार का, असे विचारले तेव्हा म्हणाल्या, "आधी पलंगाखाली नीट झाडून तर घेऊ दे."

आम्हांस वाटले होते की धर्मशिक्षणाच्या वर्गात त्या मुलापाशी बसायला मावशी आनंदाने येतील. त्यांनी हात जोडले. "फादर, मला पोरांचा गोंगाट सोसत नाही." आम्ही आग्रह केला नाही.

तो मुलगा गेले दोन रविवार येतो आहे. त्याची खुर्ची दाराजवळ असते. नको झाले की तो व्हरांड्यात जातो आणि मनाला आले की परत येतो. पहिल्या रविवारी तो चार मिनिटे आत होता, दुसऱ्या रविवारी बराच वेळ. वर्गाच्या सिस्टर एकट्या आहेत. रविवारी नऊ ते दहा त्याच्यासोबत व्हरांड्यात बसू शकेल अशी एक व्यक्ती हवी आहे. शिकवावे लागणार नाही. ज्यांना जमेल त्यांनी मिस्सानंतर कार्यालयात आम्हांस भेटावे.