दादांची उतरण कोणी ठरवली?

कलावंताने साठी ओलांडली की त्याला निवृत्त करण्याची घाई सगळ्यांत जास्त त्याच्या चाहत्यांना होते. यंदा आंबेडकर जयंतीच्या दिवसांत वाशीमला कव्वालीचा सामना आटोपल्यावर मंडपामागे शाहीर वामनदादा कर्डकांवरून दोन तट पडले. दादा शेवटपर्यंत त्याच ताकदीने लिहीत होते, असे एक तट म्हणत होता. दुसऱ्याचे म्हणणे असे की सत्तरच्या दशकानंतर नवे काही उरले नव्हते, पुढचा सगळा रतीब. या दुसऱ्या तटाचे पुढारी आमचे एक प्राध्यापक मित्र. त्यांनी नंतर मला आपला लेखच वाचायला दिला. त्यात ‘सर्जनाची उतरण’ असे शब्द आहेत. घाटरस्त्याच्या पाटीवर शोभतील असे.

लेखाचा पुरावा काय, तर छापील संग्रह. ‘वाटचाल’ 1973 चा, ‘मोहळ’ 1976 चा, ‘हे गीत वामनाचे’ 1977 चा. त्यानंतर ‘माझ्या जीवनाचं गाणं’ आले ते थेट 1996 साली. म्हणजे प्रकाशक थांबला तिथे मित्राची उतरण सुरू होते! ज्या माणसाने वयात आल्यावर मुंबईत अक्षरओळख करून घेतली, 1943 साली पहिले गाणे रचले तेही दुसऱ्याच्या गाण्याचे विडंबन म्हणून, आणि पुढे गावोगाव हिंडत गाणी शिष्यांच्या वह्यांत सोडली, त्याचा आलेख ग्रंथालयाच्या कपाटावरून काढायचा? रचनांचा आकडा दहा हजारांच्या घरात सांगितला जातो. त्यातल्या किती पुस्तकांत आहेत?

विद्वानांना विद्वानांच्याच शस्त्राने उत्तर द्यावे लागते. म्हणून अडोर्नो. या जर्मन विचारवंताने 1937 साली बेथोव्हेनच्या उत्तरकाळावर एक छोटा निबंध छापला. म्हातारपणी कलावंत निवळतो, सगळ्यांशी जुळवून घेतो, ही समजूत त्याने मोडीत काढली. थोरांचे अखेरचे काम खडबडीत असते, तडे गेलेले असते, ते ऐकणाऱ्याची मर्जी सांभाळत नाही. समीक्षक एडवर्ड सईद यांनी हाच धागा पुढे नेला, तोही रक्ताच्या कर्करोगाने स्वतःचे दिवस मोजून दिलेले असताना. त्यांचे पुस्तक आले 2006 साली, ते गेल्यानंतर तीन वर्षांनी. उत्तरशैली म्हणजे आपल्याच काळाशी फटकून वागणे, असे ते म्हणतात. बॉब डिलनला हे माप चपखल बसते. ऐंशीला टेकलेला असताना, 2020 साली, त्याने नव्या गाण्यांचा संग्रह काढला, आणि मंचावर तो जुनी गाणी अशी बदलून गातो की चाहते रुसून घरी जातात. त्याला रुसवा परवडतो.

हे माप दादांना लावून प्राध्यापकांना गप्प करावे, असा माझा बेत होता. पण ते बसेना. बेथोव्हेनला ऐकू येत नव्हते, तो श्रोत्यांकडे पाठ फिरवू शकत होता. दादांचे पुढच्या गावचे एसटीचे भाडे पुढच्याच रांगेतून यायचे. आमच्या रिसोड-मालेगाव पट्ट्यात जयंती चौदा एप्रिलला संपत नाही. गायक मिळेल त्या तारखेला गाव आपली जयंती करते, आणि हे पार मे महिना सरेपर्यंत चालते. पेटी, ढोलकी, बँजो, मागे टाळ्यांचा कोरस. दहाची नोट आली की माइकवरून नाव पुकारायचे आणि फर्माईश पुरी करायची. फर्माईश नेहमी जुन्याच गाण्याची. अशा मंडपात अडोर्नो उपाशी मेला असता.

तेव्हा मित्राचे निम्मे म्हणणे मला मान्य करावेच लागते. उत्तरकाळच्या कितीतरी रचनांत तेच यमक आहे, तोच गौरव आहे, आणि शेवटी ‘वामन’ ही नाममुद्रा सवयीने आल्यासारखी येते. मात्र हा रतीब लावला कोणी? ‘तेच होऊन जाऊ द्या’ म्हणून नोटा फडकवणाऱ्यांत आज उतरण मोजणारे प्राध्यापकही होते, आणि मीही होतो. मागायचे जुने आणि वर नवे दिले नाही म्हणून गुण कापायचे, हा चाहत्यांचा धंदा जगभर सारखाच.

सईदांचे माप मात्र दुसऱ्या जागी बसते, आणि तिथे ते मला जास्त मोलाचे वाटते. बाबासाहेब गेले 6 डिसेंबर 1956 रोजी. दादा तेव्हा चौतीस वर्षांचे होते. त्यापुढे ते सत्तेचाळीस वर्षांहून अधिक जगले, 15 मे 2004 पर्यंत. ज्याच्यासाठी गायचे तोच नाही, 1957 साली स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष बघता बघता गटांत वाटला गेलेला, आणि समोर जयजयकार करणारी गर्दी. म्हणजे दादांचा उत्तरकाळ चौतिशीतच सुरू झाला. त्या गर्दीच्या तोंडावर, तिच्याच नोटा घेत, ‘तुम्ही त्याच्या विचाराचे राहिला नाहीत’ असे सुनावणारी गाणी त्यांनी लिहिली. सांपत्तिक वाट्याचा हिशेब मागणारीही लिहिली. लोक त्यांवर टाळ्या देत, हा भाग वेगळा. शिवी सुरात आली की आपल्याला ती शेजाऱ्यासाठीच वाटते. काळाशी फटकून वागणे ते हेच, फक्त श्रोत्यांकडे तोंड करून.

एक आडवळण घेतो, वाशीमकर असल्याने तो माझा हक्क आहे. हे गाव म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न काव्यशास्त्रकार राजशेखराने इथेच लावून दिले. इथल्या सर्वसेन राजाने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य लिहिले, ते आज हरवले आहे. आनंदवर्धनाने रसासाठी कथा बदलल्याचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख केला, आणखी काहींनी त्यातली वेचणी केली, म्हणून राजा कवी होता हे आपण जाणतो. सर्वसेनाने ते उमेदीत लिहिले की उतारवयात, हे विचारण्याची कोणाला सोयच उरलेली नाही. राजाची ही गत, तर शाहिराच्या वह्यांना वाळवी किती दिवस सोडणार?

म्हणून प्राध्यापकांना माझे एकच मागणे आहे. पुढचा लेख लिहिण्याआधी 1977 ते 1996 या एकोणीस वर्षांतली गाणी वह्यांमधून उतरवून घ्या, गाणाऱ्यांना विचारून जमेल तिथे साल लावा. बरेचसे रद्दड निघेल, हे मी आताच लिहून देतो. जुन्या गायकांच्या घरी मी सोबत येईन. पेट्रोल अर्धे-अर्धे, आणि चहाच्या आधी ‘उतरण’ हा शब्द काढायचा नाही.