कंसातला एक

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या सेवा केंद्राच्या संगणकावर ‘डाउनलोड्स’ उघडून पाहा. ‘स्टेटमेंट.पीडीएफ’, ‘स्टेटमेंट (1).पीडीएफ’, ‘स्टेटमेंट (2).पीडीएफ’ अशी रांग खाली उतरत जाते. मध्येच पावत्या, दाखले, प्रवेशपत्रं. बघणाऱ्याला वाटतं, एकच फाइल कुणीतरी दहादा उतरवून ठेवली आहे. कंसवाल्या सगळ्या निवडाव्यात, डिलीट दाबावं, जागा मोकळी. घरच्या लॅपटॉपवरही आपण हेच करतो, आणि आवरासावर केल्याचं समाधान मिळवतो. त्यातल्या किती फाइली खरोखर दुहेरी होत्या, हे कुणी पाहिलेलं नसतं.

ब्राउझरनेही पाहिलेलं नसतं. कंसात आकडा घालताना त्याला एवढंच ठाऊक असतं की या फोल्डरात या नावाची फाइल आधीपासून आहे. आत काय आहे, ते तो उघडून बघत नाही. आवक-जावक टेबलावरचा कारकून अर्ज न वाचता त्यावर क्रमांक टाकतो, तसंच हे काम. क्रोम नाव आणि कंस यांच्यात मोकळी जागा सोडतो, फायरफॉक्स सोडत नाही. रीत दोघांची एकच, की जुन्याला हात लावायचा नाही.

या भित्रेपणाची बाजू मी घेईन. कमांडवर चालणारं ‘कर्ल’ नावाचं साधन आहे. त्याला वेगळं काही सांगितलं नाही, तर तेच नाव असलेल्या जुन्या फाइलवर ते नवी फाइल लिहून मोकळं होतं. विचारत नाही, सांगत नाही. जाणत्या माणसाच्या हाती ते शोभतं. पण ज्याला आपली फाइल नेमकी कुठे जाऊन बसली हेच कळत नाही, त्याच्यासाठी अडगळ परवडली. अडगळ उपसता येते, पुसलेला कागद परत येत नाही.

घोटाळा होतो तो आकड्याचा अर्थ लावताना. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या व्हीएमएस या 1970च्या दशकातल्या प्रणालीत प्रत्येक फाइलच्या नावापुढे अर्धविराम आणि आवृत्तीचा क्रमांक असे. फाइल पुन्हा साठवली की आकडा एकाने वाढे. मोठा आकडा म्हणजे ताजी आवृत्ती. ‘पर्ज’ म्हटलं की शेवटची सोडून बाकीच्या जात. तिथे आकडा काहीतरी बोलत होता. ब्राउझरच्या कंसातला आकडा आवृत्ती सांगत नाही, आणि क्रमाचीही हमी देत नाही. ‘(1)’ पुसून ‘(2)’ तशीच ठेवा आणि फाइल पुन्हा उतरवा: नवी फाइल रिकाम्या झालेल्या ‘(1)’वर जाऊन बसते. म्हणजे सगळ्यांत ताजी प्रत मध्ये आणि तिच्याहून जुनी शेवटी.

सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. शेतकऱ्याने जानेवारीत उतारा काढला, तेव्हा इतर हक्कांत बँकेच्या कर्जाचा बोजा होता. कर्ज फिटलं, फेरफार झाला, बोजा उतरला आणि जूनमध्ये त्याने पुन्हा उतारा काढला. दोन्ही वेळा फाइलचं नाव तेच आलं, तर बिनकंसाची फाइल बोजा दाखवणारी आणि कंसातली बोजा उतरलेली. डोळ्यांना मात्र बिनकंसाची फाइल अस्सल वाटते आणि कंसातली नक्कल. ‘नक्कल’ म्हणून तो जी पुसेल, तिचीच त्याला गरज आहे. आकड्यांचा कंटाळा त्याला थेट तलाठी कार्यालयाच्या दारात नेऊन उभा करणार.

मग मजकूर तपासणारं यंत्र आणावं, असं कुणी म्हणेल. तशी साधनं आहेत. एसएचए-256सारखी पद्धत कुठल्याही फाइलचा 64 अक्षरांचा ठसा काढते. ठसे जुळले तर फाइली एकच, असं खुशाल समजावं. (एसएचए-1 या जुन्या पद्धतीबद्दल हे आता म्हणता येत नाही. 2017मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या संशोधकांनी एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या.) अडचण उलट बाजूने येते. अनेक सरकारी आणि बँकांच्या पीडीएफ आपण बटण दाबतो त्या क्षणी तयार होतात, आणि तयार झाल्याची वेळ फाइलच्या पोटात लिहिली जाते. तेच स्टेटमेंट पाच मिनिटांनी पुन्हा काढलं तर अक्षर न् अक्षर तेच, ठसा मात्र वेगळा. यंत्राच्या लेखी त्या दोन फाइली, आपल्या लेखी एकच कागद. कुठला फरक महत्त्वाचा आणि कुठला नाही, हे कागदाचा उपयोग काय यावर ठरतं, आणि उपयोग फक्त मालकाला ठाऊक असतो.

एवढी रांग लागण्याचं कारणही साधं आहे. 56 केबीपीएसच्या मोडेमवर पाच एमबीची फाइल उतरायला बारा मिनिटं सहज लागत. ती फाइल लोक जपून, आठवणीने ठेवत. आता डेटा स्वस्त आहे, शोधण्यापेक्षा पुन्हा उतरवणं सोपं. शिवाय बटण दाबल्यावर पडद्यावर काहीच हललं नाही की माणूस पुन्हा दाबतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

सेवा केंद्राच्या संगणकावर हीच सवय महागात पडते. ग्राहकाचं ई-आधार छापताना पहिल्यांदा पासवर्ड लागला नाही म्हणून दुसऱ्यांदा उतरवलं, छापलं, समोरची प्रत पुसली. पहिली तिथेच. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. ओळखीच्या माणसाला हे सांगायला लागत नाही. ब्राउझरची डाउनलोडची यादी रिकामी केली म्हणजे फाइल गेली, हाही एक गोड गैरसमज. यादी जाते, फाइल फोल्डरातच राहते.

नावं बदलून ठेवा, ‘प्रत्येक वेळी कुठे साठवायचं ते विचारा’ ही सोय चालू करा, हे सल्ले चांगलेच आहेत. मीही तेच करतो. पण सगळा भार उतरवणाऱ्यावर टाकणं न्यायाचं नाही. फाइल पाठवताना तिचं नाव काय असावं, हे संकेतस्थळाच्या सर्व्हरला ब्राउझरला सांगता येतं, आणि त्यासाठी एका ओळीपलीकडे काही लिहावं लागत नाही. लाखो लोकांना एकाच ‘स्टेटमेंट.पीडीएफ’ नावाने कागद वाटणाऱ्या बँका, विद्यापीठं आणि सरकारी खाती यांनी त्या ओळीत कागदाचा प्रकार, महिना आणि उतरवल्याची तारीख घालावी. सातबारा असेल तर गाव आणि गट क्रमांकही. हे काम त्यांच्या एका प्रोग्रामरचं, एका दुपारचं आहे.